पानं येण्याआधी

आम्ही मार्चमध्ये मोजलं, ही पहिली चूक.
रीगाचे लिंडन तेव्हा नुसत्या काटक्या,
मातीसा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा.
व्हॅनच्या टपावर दोन अँटेना, माझ्या मांडीवर लॅपटॉप,
चालवायला गुंतिस, जो बोलत नाही
आणि त्यामुळेच मला आवडतो.
ताशी वीस. प्रत्येक नाका दोनदा.

गाडी सेकंदाला दहा वेळा सांगते:
मी इथे आहे. मी इथे आहे.
वेग इतका, तोंड अमुक दिशेला, ब्रेक दाबलेला नाही.
अंधाऱ्या जिन्यात पोर मोठ्याने बोलत उतरतं
तसंच काहीसं.

भिंतींना कान असतात म्हणे.
असतीलही; पण इथल्या भिंती विटेच्या, हातभर जाड,
ऐकलेलं पोटात ठेवतात.
जुनी लाकडी घरं भोळी,
निम्मं तरी पलीकडे सांगून टाकतात.
नाक्यावरची काचेची बँक मात्र आगलावी:
एकच निरोप तीन वाटांनी पाठवते,
मागेपुढे, एकमेकांना खोडत,
आणि ऐकणाऱ्या गाडीच्या हाती काहीच लागत नाही.

हे सगळं मी समीकरणात बसवलं.
घरांच्या उंच्या, रस्त्याची रुंदी,
कोपऱ्याच्या धारेवरून लहर किती वाकते ते.
शहर हिरवं झालं पडद्यावर.
गुंतिसच्या सासूबाई राहतात तो नाका जरा फिका,
पण हिरवाच.
नकाशा पालिकेला दिला, सही झाली, केकही कापला.

जूनच्या बाराव्या दिवशी
चाचणीची बस त्या नाक्यावर करकचून थांबली.
चालकाने थांबवली. यंत्राला पत्ताच नव्हता.
आडव्या गल्लीतून आलेली गाडी
शेवटच्या क्षणापर्यंत सांगत होती, मी इथे आहे.
कुणाला लागलं नाही. एका बाईच्या स्ट्रॉबेऱ्या
मागच्या सीटपर्यंत घरंगळत गेल्या.

नोंदी तीनदा तपासल्या. केबल बदलली.
मग गुंतिस बोलला: वर चल, चहा पिऊ.

स्कैद्रीते दुसऱ्या मजल्यावर राहतात, खिडकी बरोबर नाक्यावर.
काळ्या पावावर लोणी लावता लावता
जावयाची तक्रार, जिन्याची तक्रार,
आणि मध्येच, सहज:
उन्हाळ्यात एक बरं असतं,
मी पडदे लावतच नाही.
समोरच्यांना काही दिसत नाही ना, या झाडामुळे.

मी खिडकीपाशी गेले.
समोर रस्ता नव्हताच. पानं होती.
एक तोडून तळहातावर ठेवलं.
आमची लहर पाच सेंटिमीटरची,
माझ्या करंगळीएवढी.
पानही जवळपास तेवढंच. आणि ओलं, रस भरलेलं.
अशी हजारो, एकावर एक,
मेपासून सप्टेंबरपर्यंत.
आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

आणि ती पावाची गाडीही येते की, त्या म्हणाल्या,
सहाला. तीन माणसांएवढी उंच.
अर्धा तास गल्लीच्या तोंडावर.
ती तुमच्या नकाशात आहे ना?

नव्हती.
तीही नव्हती, कचऱ्याचे डबेही नव्हते,
गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा सर्कशीचा ट्रकही नव्हता,
दरवर्षी ऑगस्टमध्ये येणारा.
माझ्या शहरात कुणी राहतच नव्हतं.

आता त्या नाक्यावर मी रंग भरत नाही.
कुणी विचारलं, इथे पोचतं का,
तर मी आधी महिना विचारते, मग वेळ.
लोकांना हे उत्तर आवडत नाही.

पालिकेने विचारलं, झाड छाटता येईल का.
म्हटलं, येईल,
पण मग एका बाईंना पडदे घेऊन द्यावे लागतील.
कुणी हसलं नाही. ते इतिवृत्तात गेलं.
खांबाचा प्रस्ताव अजून टेबलावर आहे:
नाक्यावर, पानांच्या खाली, ऐकून पुढे सांगणारी एक डबी.

तोवर गुंतिस तिथे हॉर्न वाजवतो.
दोनदा, हलकेच.
वरची खिडकी उघडते.